कालिनाची सही

दर सप्टेंबरला शेवटच्या वर्षाच्या वर्गात मी एक भाषण ठोकते. "अठरा पूर्ण झाली की गैरहजेरीची चिठ्ठी स्वतः लिहायची, खाली स्वतःच सही करायची. आईबापांच्या मागे धावायचं नाही. घरी काय कळवायचं, काय नाही, तेही तुम्हीच ठरवायचं." पोरं बाकं बडवतात. पोलंडभर हीच रीत आहे आणि मला तिचं भारी कौतुक. चोवीस वर्षं या शाळेत समुपदेशक आहे मी, हालिना बाई. तोंडाची फटकळ, पण पोरांचा विश्वास कधी मोडला नाही.

कालिनाला नोव्हेंबरात अठरा पूर्ण झाली. तिनं वर्गाला चॉकलेटच्या गोळ्या वाटल्या, स्वतः एकही तोंडात टाकली नाही. दुसऱ्या दिवशी पहिली चिठ्ठी आली. 'तब्येतीच्या कारणाने.' अक्षर मोत्यासारखं. मग दर आठवड्याला एक, कधी दोन. प्रत्येक चिठ्ठीगणिक पोरगी बारीक होत चालली होती.

मी तिला खोलीत बोलावलं, चहा पुढे ठेवला.

"आज काय खाल्लंस?"

"सफरचंद."

"अख्खं?"

"तुम्ही पण ना, बाई!" ती हसली. गालांची नुसती हाडं हसली.

"मी तुझ्या आईला फोन करते."

हसू गेलं. "तुम्हीच सांगितलं होतंत ना? मी कचेरीत लिहून दिलंय, घरी काही कळवायचं नाही. तुम्ही फोन केलात तर मी या खोलीत परत पाऊल टाकणार नाही."

निदान येते तरी आहे, डोळ्यांसमोर तरी आहे, असं मी मनाला समजावलं. मुख्याध्यापक म्हणाले, "जिवाला धोका आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर कळवता येईल." डॉक्टरांकडे जायला पोरगी तयार नाही. महिनाभर मिनतवाऱ्या केल्या तेव्हा हो म्हणाली, तर मुलांच्या दवाखान्यात तिचं वय बसेना आणि मोठ्यांच्या दवाखान्यानं मार्चची तारीख दिली. घ्या! मी त्या फोनवरच्या बाईला नाही नाही ते बोलले. तारीख मार्चचीच राहिली.

जानेवारीत परीक्षेआधीच्या समारंभासाठी पोलोनेझ नाचाची तालीम सुरू झाली. कालिनाचा जोडीदार निकोदेम माझ्याकडे आला. एरवी सगळ्यांच्या टोप्या उडवणारा मुलगा, त्या दिवशी खाली मान घालून उभा. "बाई, हिचा हात हातात धरायची भीती वाटते हो. काहीतरी करा ना."

त्याच दुपारी फोन वाजला. कालिनाची आई, व्हिएस्वावा. ती जर्मनीत एका म्हाताऱ्याची शुश्रूषा करते, दीड महिना तिकडे, दीड महिना घरी. या वेळी मात्र ऑक्टोबरपासून तिकडेच अडकली होती, नाताळलाही सुट्टी मिळाली नव्हती.

"बाई, कालिना बरी आहे ना? व्हिडिओवर नेहमी जाड स्वेटर घालून बसते. विचारलं की म्हणते, थंडी आहे. थंडी तर आहेच म्हणा. पण तुम्ही रोज बघता तिला, म्हणून विचारते."

सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. मग कालिना यायची थांबली तर माझ्या खोलीत उरणारी रिकामी खुर्ची डोळ्यांपुढे आली.

"अभ्यास जोरात चाललाय," मी म्हणाले.

"देव तुमचं भलं करो, बाई. जिवात जीव आला."

त्या फोननंतर नवव्या दिवशी तालमीत पहिल्याच फेरीला कालिना कोसळली. निकोदेमनं तिचा हात सोडला नव्हता, तोही तिच्याबरोबर खाली बसला.

सोमवारी व्हिएस्वावा शाळेच्या कचेरीत आली. रात्रभर बसनं आलेली, चुरगळलेल्या कोटात. तिनं वहीचा फाडलेला कागद पुढे केला. 'माझी मुलगी इस्पितळात आहे. गैरहजेरी माफ करावी. तिला परीक्षेला बसता यावं.'

कारकून डोरोतानं कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "कालिना अठराची आहे. तुमची सही चालणार नाही, तिचीच लागेल."

"तिला शुद्ध नाही हो. नळ्या लावल्यात."

डोरोतानं कागद टेबलावर ठेवला. मग व्हिएस्वावा माझ्याकडे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी फोन केला होता तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"मग आता मी सही कुठे करायची, बाई?"

मी तो कागद हातात घेतला. तो कुठे ठेवायचा हे मला कळेना.