रुपयाच्या कडेचा अंगठा

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. मित्रांनो, हसू नका. २००३ साली मी नाशिकच्या पंचवटीत ललित यांच्या घरी आलो, तेव्हा शेजारपाजारचे मला बघायला जमले होते. ललितना जुन्या नाण्यांचा भारी नाद. खिडकीत काळे कापड अंथरून त्यावर नाणे ठेवायचे आणि श्वास रोखून माझे बटण दाबायचे. ते फोटो इंटरनेटवरच्या नाणेसंग्राहकांच्या सूचीत जात. तिथला नियम कडक होता. फोटोखाली नाणे कोणाचे आणि फोटो कोणी काढला, ही दोन्ही नावे हवीतच. लोक फोटोंची वाहवा करत आणि मी आतून फुगत असे.

एकदा जवळच्या मखमलाबादच्या सिंधुबाई घरात येऊन बसल्या. त्या ललितच्या घरी रोज फुले देत. पहिली बायको वारली असेल तर दुसरीने तिच्या नावाचा टाक, म्हणजे चांदीचा छोटा ठसा, गळ्यात घालायचा, ही त्यांच्याकडची रीत. टाकाऐवजी त्यांच्या गळ्यात कडी लावलेला चांदीचा रुपया होता. सणाला नवे लुगडे आधी त्याला दाखवायचे, मग स्वतः नेसायचे.

"ही कुसाबाई, माझी सवत," त्या रुपयाला हात लावून म्हणाल्या. "तिचा एक फोटोसुदीक नाय कुठं. मी गेल्यावर पोरं रुपया मोडून खातील. तुमच्या यादीत तिचं नाव लावा, ललितभाऊ."

"मावशी, जरा काढून देता?"

"गळ्यातून उतरवायचा नसतो तो."

मग ललितनी मला त्यांच्या गळ्याजवळ नेले. सिंधुबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते, हे मी शपथेवर सांगतो. तरी माझ्या पडद्यावर रुपयाची कड एका अंगठ्याने धरली होती. पांढराफटक, सुरकुतलेला, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतो तसा. मला फार भीती वाटली.

ललितना वाटले, मावशींचेच बोट मध्ये आले. त्यांनी फोटो कापला आणि खाली लिहिले, 'नाणे: सिंधुबाई'. वारलेल्या माणसाच्या मालकीचे नाणे असते का कुठे, असे त्यांना वाटले.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक नाण्याच्या कडेला तो अंगठा येऊ लागला. रोज थोडा आत सरकायचा. ललितनी माझे भिंग पुसले, मला शिव्या घातल्या आणि शेवटी खणात कोंबले. माझी बॅटरी काढलेली होती. तरी माझ्या बटणावर काहीतरी गार टेकलेले असायचे.

महिन्याने, माझा खण अर्धा उघडा असताना, सिंधुबाईंनी विचारले, "लावलं का नाव?"

ललितनी संगणकावर वाचून दाखवले. त्या हिरमुसल्या. "माझं कशाला? मी तर अजून जित्ती हाय."

"तुमच्या गळ्यात आहे म्हणून लिहिलं. तुमचा अंगठा मध्ये आला होता, तेवढा कापला."

"माझे हात तर मांडीवर हुते."

ललितचा चेहरा उतरला. त्यांनी न कापलेला फोटो उघडला. सिंधुबाई पडद्याजवळ सरकल्या.

"हिरीतून काढली तवा तिच्या मुठीत हाच रुपया हुता," त्या म्हणाल्या. मग पडद्यावरच्या अंगठ्याला त्यांनी आपला अंगठा लावला. "निघाला गं बाई तुझा फोटो."

त्याच दिवशी तो अख्खा फोटो सूचीत लागला. 'नाणे: कुसाबाई, मखमलाबाद. फोटो: ललित.'

मग ललितनी मला बाहेर काढून पुन्हा नाणी टिपली, पण अंगठा कुठेच दिसला नाही. पुढे नवा कॅमेरा आला आणि मी परत खणात गेलो. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना अधूनमधून पुसत जा. आणि कोणाच्या वस्तूचा फोटो लावाल, तेव्हा खाली खऱ्या धन्याचे नाव लिहा. तो हयात नसला तरी लिहा. तो वाट बघत असतो.