नव्या डब्यातला नमुना

दर रविवारी सकाळी नऊला पुण्याहून टीनाचा फोन येई आणि तिचा बाप इश्वर मोहाडीच्या घरातून दर वेळी तेच सांगे, "मी तं मस्त आहो, बाई." मस्त कसला! त्याची बायको धुरपता जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात ताट एक, वाटी एक, आणि बोलायला कोणी नाही. सकाळी शिजवलेला भातच तो संध्याकाळी खाई. महिनाभर तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. पण मागे एकदा ताप आल्याचं सांगितलं, तेव्हा पोरगी रजा टाकून धावत आली आणि परत गेल्यावर सासरी बोलणी खाऊन बसली. तेव्हापासून इश्वरने ठरवून टाकलं, आपलं दुखणं आपल्यापाशी.

माणूस घरी जसा असतो तसाच बहुधा कामावरही असतो. गावाबाहेरच्या राइस मिलमध्ये इश्वर अठ्ठावीस वर्षं यंत्रांना तेल-ग्रीस देत होता. अलीकडे पाच वर्षांपासून आणखी एक काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. दर तीन महिन्यांनी प्रत्येक गिअरबॉक्समधलं थोडं तेल छोट्या बाटलीत भरून नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. आपलं रक्त तपासतात तसं तिथे तेल तपासतात. त्यात लोखंडाचा चुरा किती, पाणी किती, धूळ किती, यावरून आत काय झिजतंय ते यंत्र न उघडता कळतं.

पहिल्या वर्षी त्याने इमानदारीने नमुना दिला आणि अहवालावर लाल शेरा आला. मॅनेजर धर्मेंद्रबाबूंनी सगळ्यांसमोर विचारलं, तू तेल देतोस की झोपा काढतोस? इश्वर मान खाली घालून उभा राहिला. पुढच्या वेळेपासून त्याने बाटली गिअरबॉक्समधून भरलीच नाही, नव्या तेलाच्या डब्यातून भरली. पाहुणे येणार म्हटलं की आपण फाटकी चादर लपवून नवी अंथरतो, त्यातलाच हा प्रकार. अहवाल चांगले येऊ लागले, साहेब खूश झाले, आणि इश्वरकडे पुन्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही.

कोणी म्हणजे, एक कलाबाई सोडून. धान वर चढवणाऱ्या उंच एलेव्हेटरच्या पायथ्याशी ती सांडलेलं धान झाडून गोळा करी. "जेवला का, भाऊ?" एवढं ती रोज विचारी आणि इश्वर न जेवताच "हो" म्हणे.

नव्या धानाचा हंगाम सुरू झाला, मिल दिवसभर धडधडू लागली, आणि एका दुपारी प्रयोगशाळेतली राखी नावाची मुलगी स्वतःच येऊन उभी राहिली. अहवाल चांगले होते, म्हणूनच तिला शंका आली होती.

"काका, हे तेल एलेव्हेटरच्या गिअरबॉक्समधी नऊ महिने चाललं, असं तुमी लिहिता," ती म्हणाली, "अन् बाटलीत तं नवंकोरं निघते. काहून?"

उत्तराची वाट न पाहता तिने यंत्र थांबवायला लावलं, इश्वरसोबत वर चढून बारीक नळीने आतलं गरम तेल काढलं आणि त्यात लोहचुंबक बुडवलं. बाहेर काढलं तर त्यावर काळा, चमचमता चुरा चिकटलेला! बेअरिंग झिजत आलं आहे, ती म्हणाली. वर काही मोडलं तर धानाने भरलेला पट्टा उलटा सुटून पायथ्याशी आदळेल. मग तिने विचारलं, खाली कोण काम करतं?

इश्वरने खाली पाहिलं. कलाबाई झाडू घेऊन बसली होती. रोज आपल्याला विचारणारं ते एकच माणूस! खाली उतरून त्याने सगळ्यांदेखत कबूल केलं की चार वर्षं नमुना डब्यातला होता.

धर्मेंद्रबाबू तोंड उघडणार, तोच राखी शांतपणे म्हणाली, "साहेब, पहिला खरा अहवाल आला, तवा तुमी यंत्र नाही पाहिलं, काकालेच रागावले. मंग खरं कोण सांगन? झीज सांगितल्यानं वाढत नाही. लपवल्यानं वाढते."

साहेबांनी ते लोहचुंबक हातात घेऊन पाहिलं. मग त्यांनी एलेव्हेटर बंद ठेवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उघडला तेव्हा बेअरिंगचे टवके उडालेले दिसले. ते पाहून साहेब इश्वरला एवढंच म्हणाले की त्या वर्षी माझं चुकलं.

रविवारी नऊला फोन वाजला. "मी तं म..." म्हणून इश्वर थांबला.

"टीना, मी मस्त नाही. चक्कर येऊन राहिली. अन् हे घर खाते मले."

पलीकडे टीना रडू लागली. "बाबा, मी बी मस्त नाही. दोन वर्षं मी बी तुमाले खोटंच सांगून राहिली."

पुढे दोघं तासभर बोलले. सोमवारी कलाबाईने विचारलं तेव्हा इश्वर पहिल्यांदा "नाही" म्हणाला, आणि तिने आपल्या डब्यातली अर्धी भाकर त्याच्या हातावर ठेवली.

वाचकहो, खरं सांगणाऱ्याला आपण रागावतो आणि मग सगळीकडून चांगलंच ऐकू येतं म्हणून निश्चिंत होतो. कोणाला "कसा आहेस?" विचारलंत, तर वाईट उत्तरही ऐकून घ्या. आणि तुम्हाला कोणी विचारलं, तर नमुना आतला द्या.