एकाच लिंबावरच्या बहिणी

फ्रेमवाल्याची शाळा लहानपणीच सुटली होती, आणि त्याचा राग तो शिकलेल्या प्रत्येक माणसावर काढत असे. तसबिरींना काचा बसवता बसवता तो फुलपाखरं टाचायला शिकला आणि टाचता टाचता त्याला वाटू लागलं, की यातलं जगात आपल्यालाच काय ते कळतं. असा गैरसमज व्हायला शिक्षण लागत नाही, एवढं मात्र त्याने स्वतःच्या उदाहरणाने सिद्ध केलं.

संग्रहालयाच्या बाईंनी त्याला फुलपाखरांच्या खणांची खोली उघडून दिली होती. तुटके पंख चिकटवायला तो तिथे फुकट जायचा. दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, खोली चुकवायची नाही. जीव रमावा अशी जागा तेवढी एकच, आणि नेमकी तीच त्याने पणाला लावली.

झालं असं, की एका खणात दोन काळी फुलपाखरं शेजारी टाचली होती. एकाच्या मागच्या पंखांवर पांढरा पट्टा, दुसऱ्याच्या लाल ठिपके. खाली चिठ्ठी: एकाच जातीच्या माद्या.

"हे चूक आहे!" तो गरजला.

"चूक नाही हो," बाई म्हणाल्या. "नर सगळे पट्ट्याचे. माद्या मात्र काही नरासारख्या, काही लाल ठिपक्यांच्या. तसलं एक विषारी फुलपाखरू असतं, त्याचं सोंग घेतात. पक्षी फसतात."

"पक्षीही फसतात आणि तुम्हीही! वेगळी जात आहे ही. ठिपकेवालीची अंडी वाढवून दाखवतो. त्यातून एक जरी मादी पट्ट्याची निघाली, तर या खोलीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही!"

हे वचन कोणी मागितलं होतं? कोणीच नाही. पण तोंड सुटलं की फ्रेमवाला स्वतःचंही ऐकत नसे.

गॅलरीतल्या कुंडीत कागदी लिंबाचं झाड होतं. त्याला जाळी बांधून त्याने आत पकडून आणलेली ठिपकेवाली मादी सोडली. अंडी झाली, अळ्या झाल्या, अळ्यांनी लिंब बोडका केला. लिंब थोरल्या बहिणीचा.

"शास्त्रज्ञ, तुमची लेकरं माझं झाड फस्त करताहेत."

"ताई, विज्ञानासाठी जरा कळ सोस."

"तू आधी भांडी घास. मग तुझं विज्ञान."

पहिल्या कोषातून मादी निघाली, लाल ठिपक्यांची. फ्रेमवाला गॅलरीत नाचला आणि त्याच भरात त्याने बाईंना बोलावणं धाडलं. त्या यायच्या दिवशी सकाळीच दुसरा कोष फुटला. पंख उलगडले. पांढरा पट्टा! नर असेल, म्हणून त्याने अलगद धरून पोटाचं टोक पाहिलं. मादी. भिंग लावून पाहिलं. मादीच. त्याची भीड ठेवून ते पोट काही बदललं नाही.

"अरे, नर म्हणून सांग आणि मोकळा हो," ताई म्हणाली. "दिसतं तर तसंच."

तसंच सांगायचं ठरलं. तेवढ्यात बाई आल्या, जाळीशी वाकल्या.

"हा नर वाटतं?"

'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. तेवढंही या गाढवाला जमलं नाही.

"नर कसला डोंबलाचा! पोट बघा की! धडधडीत मादी आहे. एवढं शिकून काय दिवे लावलेत?"

ताईने कपाळाला हात लावला. बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं.

"म्हणजे या दोघी सख्ख्या बहिणी."

"हो."

"आणि तुम्ही आता खोलीत येणार नाही."

"शब्द म्हणजे शब्द."

"बरं," असं म्हणून बाई निघाल्या.

बरं? नुसतं बरं? माणसाने थोडं तरी अडवावं, 'असं काय करता' म्हणावं! तो कोषांकडे वळला. पट्टेवाली जाळीवर ऐटीत पंख मिटत-उघडत होती.

"बाई, थांबा जरा! तिसरा फुटतोय."

बाई परत फिरल्या. तिघांची डोकी जाळीला टेकली. कोषातून ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर सरकत होतं.

"लाल ठिपके," फ्रेमवाला म्हणाला. अक्कल आली असती तर तो फ्रेमवाला कसला! "लाल निघाले तर सोमवारी खोलीत येतो. लावा पैज."

"आणि पट्टा निघाला तर?"

"तर मंगळवारी," तो पुटपुटला.