पिंजऱ्यातलं इंग्रजी

मी एक म्हातारा पोपट आहे. मुरबाडला कुंडलिक सरांच्या ओटीवर, पिंजऱ्यात माझं आयुष्य सरलं. मित्रांनो, माझा जन्म मात्र पिंजऱ्यातला नाही. १९९१ साली खर्डीजवळच्या रानात कुणीतरी सागाच्या ढोलीत हात घातला आणि पंख फुटण्याआधीच मला बाहेर काढलं. या हातातून त्या हातात करत मी सरांकडे आलो.

सर ओटीवर इंग्रजीची शिकवणी घेत. मुलं घोकत. ऐकून ऐकून मीही बोलू लागलो. दहावीच्या मुलांना सर दर वर्षी ‘लेट’ आणि ‘अलाउ’ यांतला फरक शिकवत.

“दोन्हींचा अर्थ एकच, करू देणं. पण ‘लेट’ घरात बोलायचा, ‘अलाउ’ अर्जात शोभणारा. ‘अलाउ’च्या पुढे ‘टू’ लागतो, ‘लेट’च्या पुढे लागत नाही. अलाउ मी टू गो. लेट मी गो. म्हणा!”

मुलं म्हणत. मागोमाग मीही ओरडे, “लेट मी गो!” हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळे. सर मला हिरवी मिरची देत. “हा तुमच्यापेक्षा बरा. चुकून ‘टू’ लावत नाही.” पाहुणे आले की माझ्याकडून तेच वदवून घेत. मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

२००३ साली गावाबाहेरच्या वाडीतली सोनी शिकवणीला येऊ लागली. दिवाळीनंतर सरांनी प्रत्येकाला ‘लेट’चं वाक्य करायला सांगितलं. सोनी उभी राहिली.

“माय फादर डझ नॉट लेट मी टू स्टे.”

“‘टू’ काढ,” सर म्हणाले आणि थबकले. “स्टे? कुठं?”

“हितंच, सर. आईबा वीटभट्टीवर चाललेत. मलापण नेतात. परीक्षा नाय देता येणार.”

सर त्याच संध्याकाळी वाडीवर गेले. दुसऱ्या दिवशी तिचा बाप जाणू तिला घेऊन आला. “परीक्षेपर्यंत तुमच्या हवाली, गुरुजी,” एवढंच बोलून तो वळला. सरांच्या पत्नी देवकीबाईंनी तिला घरात ठेवून घेतलं.

सोनी माझ्याजवळ बसून अभ्यास करी. एका दुपारी मी सवयीनं ओरडलो. ती हसली नाही. टक लावून बघत म्हणाली, “मला जाऊ दे म्हनतोस, रे?”

तेव्हा मला कळलं, मी बारा वर्षं काय बोलत होतो ते. त्या दिवसापासून गज डोळ्यांपुढून हलेनात.

परीक्षा संपली. निघताना ती सरांना म्हणाली, “सर, तुमी माज्या बाला सांगितलंत, पोरीला राहू दे. तसं मी तुमाला सांगते, याला जाऊ द्या.”

सर उठून पिंजऱ्यापाशी आले. मग त्यांनी स्वतः दार उघडलं.

मी झेप घेतली आणि अंगणात दगडासारखा पडलो. पंखांना सवयच नव्हती. कुंपणाशी मांजर दबा धरून होतं. सोनीनं धावत येऊन मला उचललं. “याला उडताच येत नाय, सर,” म्हणून ती रडू लागली. सरांनी मला परत आत ठेवलं. कडी लावली, काढली, मांजराकडे बघितलं आणि पुन्हा लावली.

सोनी पास झाली. आता ती शहापूरला शाळेत शिकवते, सुट्टीत मला पेरू आणते. सर पाहुण्यांसमोर मला बोलायला लावत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासाठी आता काही करू नका. पण कुणाच्या घरी पिंजऱ्यात कोवळं पाखरू बोलताना दिसलं, तर टाळ्या वाजवू नका. त्याच्या पंखांत बळ आहे तोवरच घरच्यांशी भांडा.