गेर्नोटचं झाड

झाडावर तांबडी फुली मारली आहे, ही बातमी विल्ट्रूड केटलरला पाववाल्याच्या दुकानात कळली. तीही रांगेत, चारचौघांच्या देखत. सांगणारी आल्मूट, तिची शाळेपासूनची मैत्रीण. दोघींचं उभ्या आयुष्यात एका गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं.

"तुझ्या नवऱ्याच्या झाडावर फुली आहे गं. काल कुत्र्याला घेऊन वर गेले होते, तेव्हा बघितली."

"दुसरं झाड असेल."

"मला नंबर वाचता येतो. चष्मा तुला लागतो."

विल्ट्रूडने पाव घेतलाच नाही. रिकामी पिशवी हातात धरून ती तशीच चढणीला लागली. पाठोपाठ आल्मूट, पुटपुटत, धापा टाकत.

गावाच्या वरच्या अंगाला राखेचं रान आहे. कागदोपत्री त्याचं नाव शांतिवन, पण तसं कुणी म्हणत नाही. माणूस जाळायचा, राख मातीत विरघळणाऱ्या कलशात भरायची आणि झाडाच्या मुळाशी पुरायची. दगड नाही, क्रूस नाही. फूल ठेवायचं नाही, मेणबत्ती लावायची नाही. झाड हीच खूण, आणि खोडावर नंबराची एक पत्र्याची चकती. तिचा नवरा गेर्नोट तिथे होता. त्याच झाडाखाली शेजारची जागा विल्ट्रूडची. म्हातारपणात तेवढी एकच गोष्ट तिच्या हातची होती, बाकी सगळं डॉक्टरांच्या आणि पोरांच्या सोयीचं.

झाड निवडायला दोघं गेले, तेव्हा वनाधिकारी टीलेके म्हणाले होते, "बीचचं झाड घ्या. बीच टिकेल." गेर्नोट मोठ्यांदा हसला होता. उभा जन्म लाकडाच्या गिरणीत स्प्रूसची सुईपानी झाडं कापण्यात गेलेला माणूस. "साहेब, बीचच्या जिवावर आमच्या घरात कुणी जेवलेलं नाही," म्हणाला, आणि स्प्रूसच घेतला. त्या उतारावरचे स्प्रूस त्याच्या आईने लावलेले होते. दुसरं महायुद्ध हरल्यावर इंग्रजांनी भरपाई म्हणून डोंगर भादरून नेला. गावातले पुरुष कबरीत, नाहीतर कैदेत. मग बायकांनी पाठीवरून रोपांची पोती वाहिली, कुदळीने एकेक खाच घेतली आणि डोंगर पुन्हा हिरवा केला. सगळा स्प्रूस. पलटणीसारखा रांगेत. झटपट वाढतो, सरळ वाढतो, पोटाला घालतो. ज्या झाडाने जेवू घातलं ते मरत नाही, असं धरून चालणं ही चूक हार्त्झ डोंगरातल्याच माणसांनी करावी! मग एकामागून एक कोरडे उन्हाळे आले, सालीखाली किडा शिरला आणि डोंगरच्या डोंगर मढ्यासारखे करडे पडले.

मेलेल्या डोंगराचं करायचं काय? तर त्याला तिकीट लावायचं. पर्यटनवाल्यांनी शेंड्यांच्या उंचीवरून जाणारी पोलादी वाट बांधायला घेतली. जागोजागी पाट्या ठोकल्या: ‘निसर्ग स्वतःला बदलतो आहे. साक्षीदार व्हा!’ निसर्ग बदलत नव्हता, मरत होता, आणि त्याच्या मरणाकडे वरून बघत लोक आइसक्रीम खाणार होते. ती वाट राखेच्या रानाला चाटून गेली. म्हणून आता वाटेवर पडू शकेल असं प्रत्येक मेलेलं झाड तोडायचं होतं; तांबडी फुली त्याचीच.

टीलेके तिथेच उभे होते. हातात तांबड्या रंगाचा डबा.

"साहेब, हे झाड पडलं तर कुणाच्या डोक्यात पडेल?" विल्ट्रूडने विचारलं.

"वाटेवर पडेल, केटलरबाई. ईस्टरला उद्घाटन आहे. पहिल्याच दिवशी कुणी मेलं तर..."

"झाड आधी इथे होतं की वाट?"

टीलेक्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"बरं, मग गेर्नोटला हलवा. बीचखाली न्या, जा. तो हरला, तुम्ही जिंकलात. बायको म्हणून मीच सांगते."

"हलवायला काही उरलेलं नाही, बाई. कलश विरघळतो. तो तसाच केलेला असतो."

"म्हणजे झाडाने त्याला खाल्लं," आल्मूट म्हणाली.

"आल्मूट!"

"खोटं बोलते का मी? त्याला झाडाने खाल्लं, झाडाला किड्याने खाल्लं, किड्याला आता सुतारपक्षी खाईल. निसर्ग बदलतोय बाई, पाटीवर लिहिलंय!"

विल्ट्रूडला हसू फुटलं. गेर्नोट असता तर तोही खिंकाळला असता. हसता हसता तिचा आवाज फाटला.

"खोड तरी ठेवा," शेवटी ती म्हणाली. "माझ्या छातीइतकं. शेंडा न्या, फांद्या न्या. खोड काही उडी मारून तुमच्या वाटेवर जात नाही."

टीलेक्यांनी मान हलवली. "ठेवतो. शब्द देतो." खिशातून पिवळी फीत काढून त्यांनी खोडाला छातीच्या उंचीवर बांधली, गाठ ओढून बघितली. मनापासून बांधली. टीलेके वाईट माणूस नव्हते. असली कामं व्हायला वाईट माणूस लागतच नाही.

तोडणीच्या दिवसांत रान बंद होतं. विल्ट्रूड स्वयंपाकघरात बसून राही. यंत्राची घरघर खालपर्यंत ऐकू येई. ती थांबली की ही खिडकीशी जाई, सुरू झाली की परत खुर्चीत. मुलीचा फोन आला: "आई, नुसतं झाड आहे ते." विल्ट्रूड म्हणाली, "हो," आणि फोन ठेवून दिला.

रान पुन्हा उघडलं त्या सकाळी दोघी वर गेल्या.

उतार उघडा पडला होता. यंत्राच्या चाकांनी गुडघाभर खोल चऱ्या पाडलेल्या, त्यांत पाणी साचलेलं, वर फांद्यांचा आणि सालीचा खच. छातीइतकं सोडा, घोट्याच्या वर एकही खोड नव्हतं. नंबरांच्या चकत्या लाकडाबरोबर गेल्या होत्या. यंत्र चालवणारा बाहेरगावचा, ठेक्यावरचा. जेवढं लाकूड पाडेल तेवढी त्याची कमाई. उंच केबिनमधून त्याला फीत दिसली नाही, किंवा दिसली आणि कळली नाही. आणि त्या दिवशी टीलेके वाट तपासायला आलेल्या साहेबलोकांना डोंगर दाखवत फिरत होते.

आता ते टोपी काढून उभे होते. "केटलरबाई, माझं चुकलं. मी इथेच थांबायला हवं होतं. नकाशा आहे, त्यावरून जागा काढून देतो. एखाद-दोन मीटर इकडेतिकडे होईल."

"एखाद-दोन मीटरवर लिंडेमान आहे, साहेब. जन्मभर कुंपणावरून आमच्याशी भांडत मेला तो. मी काय मेल्यावर त्याच्या कुशीत झोपू?"

विल्ट्रूड चिखलात उतरली. या बुंध्यापाशी थांबली, त्या बुंध्यापाशी वाकली. सगळे सारखेच. उभ्या झाडांत ती डोळे मिटून गेर्नोटपाशी गेली असती. फांदीचा वाक, शेवाळाचा पट्टा, मुळाची बसायला बरी अशी उंच घडी. आता नुसत्या गोल चकत्या, दुकानात मांडलेल्या चीजसारख्या. ती चालत राहिली. तिच्या बुटांखाली तिचा नवरा होता, नाहीतर लिंडेमान, नाहीतर कुणीच नव्हतं.

"हा," आल्मूटचा आवाज आला. पायाने फांद्या बाजूला सारून ती एका बुंध्याशी उभी होती.

"कशावरून?"

"हाच आहे. सांगते ना."

आल्मूटने जन्मात कुठली गोष्ट दहा कारणं दिल्याशिवाय सांगितली नव्हती. आज एकही दिलं नाही. विल्ट्रूडने बघितलं: बुंधा ओढ्याच्या फार जवळ होता, आणि गेर्नोटच्या झाडापाशी ओढा कधी ऐकू आलेला नव्हता. आल्मूट तिच्याकडे बघत नव्हती. बुटाच्या टोकाने लाकडाचा भुसा उगाच सारत होती.

"हो," विल्ट्रूड म्हणाली. "हाच."

ती त्यावर बसली. आल्मूट म्हणाली, "सरक." जागा दोघींना पुरत नव्हती, तरी दोघी टेकल्या. वर पोलादी वाटेवर कामगार दिव्यांच्या माळा बांधत होते.

"आल्मूट, मग माझी जागा कुठली?"

आल्मूटने तोंड उघडलं. उघड्या उतारावरून, चऱ्यांवरून, त्या सगळ्या सारख्या बुंध्यांवरून तिची नजर फिरली. तिने तोंड परत मिटलं. या प्रश्नाला तिच्याकडे दुसरं खोटं नव्हतं.