डिक्कीतली नवीकोरी

मित्रांनो, माझ्या अंगावरून एकदा हात फिरवून बघा. नक्षी कशी खोल आहे! नख घातलं तर अख्खं नख आत जातं. कुठे झीज नाही, कुठे ठिगळ नाही. बघणारा म्हणतो, "वा, नवीकोरी!" पण मी म्हातारी आहे. आणि हे मी वेळेवर कुणाला सांगितलं नाही. मला मान असती, तर आज तुमच्याशी मान खाली घालूनच बोलले असते.

मी एका पांढऱ्या कारची स्टेपनी. पाचवं टायर. माझे चार भाऊ रस्त्यावर आणि मी डिक्कीत, चटईखाली, अंधारात. कारखान्यातल्या गरम साच्यांमधून आम्ही पाचही जण एकाच पाळीत बाहेर पडलो होतो. पुढे नांदेडच्या शोरूममध्ये गाडी उभी राहिली आणि मुखेडचे व्यंकट सर पेढ्यांचा पुडा घेऊन तिला न्यायला आले. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सोबत बायको अयोध्याबाई, मोठी बहीण साखराबाई आणि दुसरीत शिकणारी मुलगी राजकन्या. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात राजकन्येनं डिक्कीत डोकावून विचारलं, "आत्या, हिला नाही का हार?"

"ती लपलेली असती गं. तिला कोण बघतंय?" साखराबाई म्हणाल्या.

पोरीनं हारातलं एक झेंडूचं फूल तोडलं आणि गुपचूप माझ्यावर ठेवलं. मला मिळालेला तेवढाच मान. तो मी कधी विसरले नाही.

या घराची एक रीत होती. नवी वस्तू जपून ठेवायची! गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक कधी निघालं नाही. स्टीलचा डिनर सेट खोक्यातच राहिला. अयोध्याबाईंची अंजिरी रंगाची रेशमी साडी लग्नापासून ट्रंकेत पडून होती. "चांगल्या दिवशी नेसीन," असं त्या दर दिवाळीला म्हणायच्या. मीही त्यातलीच. चाक पंक्चर झालं की सर थांबत थांबत, हवा भरत भरत दुकान गाठायचे, पण मला काढायचे नाहीत. "नवी हाय, राहू दे." भाऊ उन्हात भाजायचे, खडीवर घासायचे, वर्षागणिक झिजायचे. मी मात्र चटईखाली मऊ लोळायची. मला त्याची लाज वाटायची. पण लाज वाटून काय होतं?

मग या हिवाळ्यात उमरीला एका लग्नाला निघताना अयोध्याबाईंनी ती अंजिरी साडी नेसली एकदाची. मांडवात वाकल्या मात्र, आणि साडी टर्रकन गेली. परतीच्या वाटेवर त्या गाडीत रडत होत्या. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"एकदाबी अंगाला लागली न्हाई ओ. कुठं घासली न्हाई, कुठं अडकली न्हाई. आन् घडीवरच विरली!"

मित्रांनो, त्या वेळी मला माझ्या कडेच्या बारीक बारीक चिरा जाणवल्या. न वापरलेली वस्तूसुद्धा म्हातारी होते. माझं रबर आता मऊ राहिलं नव्हतं. मला ते कळलं आणि मी कळून गप्प बसले. तोंड नाही, हे खरं. पण तोंड असतं तरी मी बोलले नसते. कारण मला एकदा रस्ता बघायचा होता.

आता राजकन्या दहावीत होती. नववीपर्यंत हजेरीलासुद्धा ओढणीत पुटपुटणारी ही पोरगी यंदा कशी काय कोण जाणे, पण फुलून आली होती. वर्गात हात वर करायची, बँकेत मम्मीसाठी खिडकीवर बोलायची, वाद घातला की जिंकायची! तिला अकरावीला लातूरला जायचं होतं, होस्टेलवर राहून शिकायचं होतं.

"पोरगी एकली ऱ्हाईल का लातुरात?" साखराबाई म्हणायच्या. "घरात तिला चप्पल सापडत न्हाई."

सर म्हणायचे, "बघू."

शेवटी ठरलं की कॉलेज आणि होस्टेल नुसतं बघून यायचं. पण चारही टायर गुळगुळीत झालेले. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मित्रांनो, पण आपल्या हिवाळ्यात रस्त्यावर ऊस पडतो. ट्रॉल्यांमधून पडलेला, चाकांखाली चेंगरलेला, त्यात पहाटेचं दव. असल्या रस्त्यावर टायर चांगलं पाहिजे. सर राजकन्येला म्हणाले, "टायर तू निवड. तुझा निर्णय कसा असतो ते बघू."

तिला कळलं, ही लातूरचीच परीक्षा आहे!

अमरेशच्या टायरच्या दुकानात तिनं असे प्रश्न विचारले की बास. ओल्यात कुठलं धरतं? वळणावर कुठलं टिकतं?

"चारी बदला सर," अमरेश म्हणाला.

"तीनच द्या काका. चौथं आमच्याकडं आहे." आणि अंतरपाट दूर करावा तशी तिनं माझ्यावरची चटई ओढली.

अमरेशनं मला वाकून बघितलं. "ही जुनी हाय ताई."

"जुनी? एकदाही रस्त्याला लागली नाही! नक्षी बघा की."

"नक्षी हाय. पण वय झालंय म्हणतो मी."

"चार विकायचीत म्हणून वय काढता का काका तिचं?"

सगळं दुकान हसलं. अमरेशही हसला. "सर, पोरीला वकील करा. आपण न्हाई पुरत हिला."

सरांच्या चेहऱ्यावर काय अभिमान होता! "बसवा. ती म्हणती ना." आणि मी गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूला बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगाला ऊन लागलं.

लातूरला निघालो ती सकाळ धुक्याची होती. राजकन्या मागून अखंड बोलत होती. होस्टेलमध्ये खिडकीजवळची कॉट घेईन, मम्मीला रोज फोन करीन. मीही पळत होते, अगदी खुशीत. शिरूर ताजबंदच्या अलीकडे एका वळणावर ऊस चेंगरून पडला होता. सरांनी ब्रेक दाबला. तिघा नव्यांनी रस्ता धरला. मला धरता आला नाही. मी काचेवरून सरकावं तशी सरकले, गाडी फिरली आणि तुरीच्या बांधाला जाऊन धडकली.

अयोध्याबाईंचं उजवं मनगट मोडलं.

ट्रॅक्टरवाल्यांनी गाडी ओढून काढली. लातूर तसंच राहिलं. घरी जो येईल तो उसाला आणि धुक्याला दोष देत होता. माझं नाव कुणीच घेतलं नाही. सर एवढंच म्हणाले, "पहिल्याच फेरीला असं झालं. लातूरचं राहू दे आता." राजकन्येचं पुन्हा ओढणीत तोंड.

दुसऱ्या दिवशी ती तांब्याभर पाणी घेऊन अंगणात आली. माझ्यावरचा चिखल बोटांनी धुतला. चिरा दिसल्या. मग कडेवरचे चार आकडे दिसले. त्यातले शेवटचे दोन आमचं जन्मवर्ष सांगतात, हे तिनं मोबाईलवर शोधून वाचलं. चिखल परत फासला असता तर कुणाला काही कळलं नसतं. दोष उसाचाच राहिला असता. आणि लातूरचं दार थोडं तरी किलकिलं राहिलं असतं.

ती उठली आणि ओसरीवर गेली.

"पप्पा, ऊस नव्हता. मी होते. मी नक्षी बघितली, वय बघितलं नाही. अमरेशकाका सांगत होते, मी त्यांना हसले."

"घ्या!" साखराबाई म्हणाल्या. "टायर कळंना, आन् म्हणं कालेज!"

सर म्हणाले, "सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं."

"हाव. म्हणून तर सांगितलं."

तेव्हा आतून अयोध्याबाई आल्या. हात गळ्यात बांधलेला. "वन्सं, साडी ठेवली, ती विरली. टायर ठेवलं, ते वाळलं. आता पोरीलाबी डिक्कीत ठेवायचं का?"

मग सर म्हणाले, "उद्या अमरेशकडं जाऊ. राजी, तूच चल. तूच बघ."

अमरेशनं मला काढलं. राजकन्येनं खाली वाकून नव्या टायरांचे आकडे वाचले, नव्या स्टेपनीचेसुद्धा.

"आता मलाबी शिकवून राहिली का?" अमरेश म्हणाला.

"न्हाई काका. तुमचं ऐकून राहिले."

परवा ते सगळे लातूरला जाऊन आले. सीटवरचं प्लास्टिक निघालं आहे. निघताना राजकन्येनं डिक्कीतल्या स्टेपनीवर झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाली, "तुझी पाळी येणार बरं का. लोळायचं नाही." मला ऐकून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरात खोक्यात, ट्रंकेत, चटईखाली काय काय जपून ठेवलं आहे, ते एकदा काढून बघा. वापरा. आणि आमच्यापैकी कुणाला निवडाल, तेव्हा नक्षीवर भुलू नका, वय विचारा. आम्ही आपणहून सांगत नाही.

दुकानातून परत आणलेली मी आता घरच्या गोठ्याच्या पत्र्यावर आहे, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून. इथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. अयोध्याबाई सकाळी डाव्या हातानं चहा गाळतात. थोडा चहा कपात पडतो, थोडा ओट्यावर सांडतो. मला तोंड फिरवता येत नाही. मी रोज बघते.