तुरेबाबाची बारा पिल्लं

पोशीरच्या माळावर एकोणीसशे बहात्तर साली एकच गर्दी उसळली. मधोमध तुरेबाबा, डोक्याला कोंबड्याच्या तुऱ्यासारखं लाल फडकं. टोपलीतलं एका दिवसाचं काळं पिल्लू उचलायचं, क्षणभर न्याहाळायचं आणि आरोळी ठोकायची, "कुकूच्कू! नर!" दुसरं उचलायचं, "कुकूच्कू! मादी!" पिल्लं वाढली की बाबाचा शब्द खरा. एकदाही चूक नाही.

"पिल्लाचं कळतं त्येला पोटातलं नाय कळायचं?" म्हणत सोनुबाईने गरोदर सून हिरूला पुढे ढकललं. हिरूला आधीच्या दोन मुली.

बाबाने एक डोळा मिटला. "कुकूच्कू! मादी! ह्या कुशीत मुलगा नाही. पोराचं दुसरं लगीन लावा!"

सोनुबाई त्याच दिवशी स्थळं बघायला लागली. हिरूचा नवरा चांगो नुसता खाली मान घालून उभा. हिरूच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. तिने टोपलीशेजारी चार दिवस ठिय्या दिला. 'नर' पिल्लाच्या डोक्यावर पांढुरका ठिपका होता, 'मादी'च्या नव्हता. तिने कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुचेताबाईंना गाठलं. बाई ऐकून पोट धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी हजर झाल्या.

सकाळी बाबाने बारा पिल्लं ओळखून सांगितली. सहा नर, सहा मादी. तो जेवायला उठताच हिरूने काजळाची डबी काढली.

"काय करतंस गं?" सासू खेकसली.

"तीट लावतेय. देवाची पिल्लं, दृष्ट लागंल."

बाराही डोकी काळीकुट्ट झाली. बाबा ढेकर देत परतला आणि हिरूने पुढे सरकवलेली टोपली नवी समजून पिल्लं उचलू लागला. "मादी! मादी!" बाराव्या पिल्लापर्यंत आवाज चिरकला. "मादी!"

"ही सकाळचीच पिल्लं हायत, बाबा," हिरू म्हणाली. " सहा नर कुठं गेलं?"

"दुपारी नक्षत्र पालटतं!"

माळभर हशा उसळला. सुचेताबाई पुढे झाल्या. "बीज तयार होताना आईबापाच्या गुणसूत्रांच्या जोड्या सुटतात, पिल्लाला जोडीतलं एकेकच मिळतं. पिसांवरच्या पट्ट्यांचा गुण नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रालाच जोडलेला असतो. बाबांच्या कोंबड्या पट्टेरी, कोंबडा काळा. पट्टेरी कोंबडी ते गुणसूत्र फक्त नर पिल्लांना देते, म्हणून पट्टेरी पिल्लाची खूण असलेला हा ठिपका नरालाच! पोटातल्या बाळाचा कुठला ठिपका बघितला यांनी? आणि माणसात मुलगा की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं."

"म्हंजे चांगो, पोरी तुझ्यामुळं रं?" सोनुबाई किंचाळली.

"दोष कुणाचाच नाही," बाई म्हणाल्या. " हात जोडण्याआधी हिरूसारखं नीट बघत चला, एवढंच."

तोवर बाबा फडकं सावरत नेरळच्या वाटेला लागला होता.

पुढे हिरूला तिसरीही मुलगीच झाली. "बाबा बरोबर बोलला व्हता," सोनुबाई पुटपुटली.

चांगोने पहिल्यांदाच मान वर केली. "आये, डोळं मिटून सांगितलं तरी निम्म्या वेळंला बरोबरच येतं. घे, नातीला घे."